दोरीवर कोणाच्या साड्या?

बालगृहाची तपासणी म्हटली की हजेरीपट, धान्याचा साठा व बिलांची फाईल पाहिली जाते. मागच्या अंगणातील धुण्याच्या दगडाकडे कोणी फिरकत नाही. वस्तुतः संस्थेचा खरा कारभार तेथेच दिसतो.

मराठवाड्यातील एका खेड्यातील बालगृहात रविवारी सकाळी जाण्याचा प्रसंग आला. वीज आली तरच बोअरचे पाणी. मोठी मुले बादल्या वाहत होती, लहानगी टबात चादरी पायांनी तुडवीत होती. स्वतःचा गणवेश, बनियन मुलांनी धुवावेत, याबद्दल तक्रार नाही. आपल्यापैकी अनेकजण वसतिगृहात तेच करीत शिकले. परंतु नऊ वर्षांच्या मुलाला ओली सोलापुरी चादर पिळवत नाही. दोघे दोन टोके धरून पीळ घालीत. ती निसटून चिखलात पडली की पुन्हा दगडावर. धुण्याच्या सोड्याने बोटांच्या बेचक्यांतील कातडी निघाली होती. दोरीवर दोन साड्या व एक मोठ्या माणसाची पँटही वाळत होती. ती कोणाची, असे विचारताच मुले गप्प झाली. काळजीवाहक म्हणाले, "साहेब, संस्कार लागतात ना!"

दुसऱ्याचे धुणे कोणी धुवायचे, हे या देशात जन्मावरून ठरत आले. आता ते पोरकेपणावरून ठरणार काय? (त्यातील कित्येक पोरकीही नाहीत, आई ऊसतोडीला गेलेली आहे.)

बाल न्याय अधिनियमाखालील २०१६ चे नमुना नियम आंघोळीसाठी व कपडे धुण्यासाठी पुरेसे पाणी देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकतात. २०१५ च्या मूळ अधिनियमातील कलम ५४ नुसार तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावयाची असते. भेट देणाऱ्या पथकात किमान तीन सदस्य, त्यात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी हवा. या अधिकाऱ्याने मुलांचे हात पाहिले काय? कलम ७५ खाली मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक त्रास होईल अशी वागणूक देणाऱ्या संस्थाचालकास वा कर्मचाऱ्यास पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. प्रत्येक धुणे म्हणजे गुन्हा नव्हे, हे वकील म्हणून मलाही कळते. पण कर्मचाऱ्यांची लुगडी धुणे हे स्वावलंबन कसे? नियमांनी प्रत्येक संस्थेत मुलांची बाल समिती सांगितली आहे. धुण्याच्या पाळ्या तिने ठरविल्या की काळजीवाहकांनी, एवढे तरी विचारावे.

समितीने पुढील भेट रविवारी सकाळी, न कळविता द्यावी. फाईल नंतर उघडावी. आधी दोरीवरचे कपडे मोजावेत आणि त्यातले मुलांच्या मापाचे किती, ते अहवालात लिहावे.