जिंकूनही मान नाही
(बी. ए. भाग २)

जो जिंकतो त्याला लोक डोक्यावर घेतात, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण मुष्टियुद्धाचा इतिहास थोडासा जरी चाळला तरी हे विधान किती पोकळ आहे ते ध्यानात येते. वर्षानुवर्षे अजिंक्य राहिले, पण प्रेक्षकांच्या मनात ज्यांना कधी जागाच मिळाली नाही, असे मुष्टियोद्धे थोडेथोडके नाहीत. ‘त्यांच्यात काहीतरी कमी होते’ असे म्हणून जाणकार मंडळी विषय संपवतात. मला ते पटत नाही. माझ्या मते कमतरता बहुतेक वेळा रिंगणाबाहेर बसलेल्यांत असते, आणि त्या बाहेरच्यांत तुम्हीआम्हीही आलो.

लॅरी होम्सचे उदाहरण घ्या. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावात वाढलेला हा काळा मुलगा. सातवीतच शाळा सुटली आणि तो मोटारी धुण्याच्या कामाला लागला. पुढे तो महंमद अलीचा सरावातील जोडीदार झाला, म्हणजे रोज अलीचे ठोसे खाण्याची चाकरीच म्हणा. १९७८ साली केन नॉर्टनला पंधरा फेऱ्यांच्या लढतीत हरवून तो जगज्जेता झाला. आणि २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासला त्याच्यासमोर खुद्द अली उभा राहिला. अलीचे वय तेव्हा ३८, हात जड झालेले, पाय थकलेले. ही लढत मी मित्राच्या खोलीवर मोबाइलवर पाहिली. खरे सांगतो, शेवटपर्यंत पाहवत नाही. होम्स मारतो, थांबतो, पंचाकडे पाहतो, जणू म्हणतो आहे की बाबा, आता तरी थांबव हे. दहाव्या फेरीनंतर अलीच्याच कोपऱ्याने लढत सोडली. जिंकलेला होम्स त्या रात्री रडला.

त्याने करायला काय हवे होते? लढलाच नसता तर लोक म्हणाले असते, भ्याला. जोर लावून अलीला आडवा केला असता तर म्हणाले असते, कसाई. त्याने मधला मार्ग धरला, तरी लोकांनी त्याला क्षमा केली नाही. आपले दैवत म्हातारे झाले याचा राग काळावर काढता येत नाही, म्हणून तो समोर उभ्या असलेल्या माणसावर निघतो.

असलेच दृश्य मी आपल्याकडेही पाहिले आहे. आमच्या भागात पोळ्याच्या करीला कुस्त्यांची दंगल भरते. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या जोडीत परजिल्ह्यातल्या एका पोराने आमच्याकडच्या नावाजलेल्या पैलवानाला चितपट केले. डाव स्वच्छ होता, दोन्ही खांदे मातीला टेकले होते, कोणाचीच तक्रार नव्हती. रिवाजाप्रमाणे जिंकणारा फेटा हातात धरून लोकांतून फिरला. एरवी दहा-वीसच्या नोटांनी फेटा भरतो, त्या दिवशी त्याचा तळ दिसत होता. माझे वडील सालदारकी करतात, पण पैलवानाला दहा रुपये दिल्यावाचून ते कधी राहत नाहीत. त्या दिवशी त्यांचाही हात खिशाकडे गेला नाही. घरी येताना मी विचारले तर म्हणाले, “त्यानं काई वाईट नाई केलं गा. पन आपल्या पोट्ट्याले पाडलं ना त्यानं. मन नाई झालं.” वडिलांचा हा प्रामाणिकपणा मला जाणकारांच्या लेखांपेक्षा मोलाचा वाटतो. त्यांनी निदान त्या पोरात खोट काढली नाही.

आणि हेच लोक मान देण्यात कंजूष आहेत असेही नाही. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. रस्त्यावरची वाहने थांबतात. आमच्या दंगलीत आरोळ्या ठोकणारी कित्येक माणसे त्या गर्दीत मी हात जोडून उभी पाहिली आहेत. मान कसा द्यायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको. तो कोणाला द्यायचा, हे मात्र त्यांच्या मनात आधीच ठरलेले असते.

आधीच ठरलेले असते म्हणजे काय, ते पुन्हा होम्सवरूनच कळते. जून १९८२ मध्ये गेरी कूनी या गोऱ्या मुष्टियोद्ध्याशी त्याची लढत झाली. जगज्जेत्याचे नाव शेवटी पुकारायचे अशी या खेळातली जुनी प्रथा. त्या रात्री होम्सचे नाव आधी पुकारले गेले आणि आव्हान देणाऱ्या गोऱ्याचे मागून. होम्सने तेराव्या फेरीत ती लढत जिंकली. पण पुकारा ऐकताना त्याला काय वाटले असेल? हे वाचताना मला अमेरिका फारशी दूर वाटली नाही. ओळखीतला एक मुलगा पहाटे चारला उठून हायवेच्या कडेने धावायचा. तीन वर्षांनी तो पोलीस भरतीत निघाला. गावच्या पारावरचे पहिले वाक्य होते, “औंदा पेपर सोपा होता म्हणे.” एखाद्या वाड्यातला मुलगा निघाला असता तर पेपर तोच असूनही कठीण ठरला असता!

यावर कोणी रॉकी मार्सियानोचे नाव पुढे करील. त्यानेही १९५१ साली आपल्या आवडत्या जो लुईला हरवले आणि तोही रडला, मग त्याला कसे प्रेम मिळाले? त्याच्या ठोशात जोर होता, तो मार खाऊन मारायचा, हे खरेच. पण तो गोरा होता, हेही त्या हिशेबात धरायला हवे. १९५६ साली तो ४९ लढती जिंकून, एकही न हरता निवृत्त झाला. होम्स ४८ वर असताना १९८५ साली मायकेल स्पिंक्सकडून गुणांवर हरला आणि त्याच रात्री मार्सियानोविषयी नको ते बोलून बसला. लोकांना निमित्तच हवे होते. सात वर्षांची कारकीर्द एका वाक्याखाली गाडली गेली.

फ्लॉइड मेवेदरची गोष्ट थोडी निराळी. ५० लढती, ५० विजय. त्याचा खेळ म्हणजे मार चुकवण्याची विद्या, आणि त्यासाठी लोक त्याला पळपुटा म्हणतात. पैसे मोजून आलेल्याला रक्त हवे असते. न लागलेला ठोसा त्याला दिसत नाही. हा आक्षेप मला पोरकट वाटतो. पण बाईवर हात टाकल्याबद्दल हाच माणूस २०१२ साली तुरुंगात जाऊन आला. त्यासाठी कोणी त्याला मान नाकारत असेल तर माझी तक्रार नाही. मात्र मेवेदरला हसणाऱ्या माझ्या मित्रांपैकी कोणीही हे कारण सांगितलेले नाही. सगळे म्हणतात, “तो पळते यार.”

आता अगदी अलीकडचे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीचा निकाल लागला. गादी विभागातील लढतीत पंचांच्या निर्णयावर चिडून शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड निर्णय न पटून बाहेर पडला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर की चूक हा प्रश्न पंचांना विचारायचा. जो दोन्ही लढतींत समोर उभा होता, लढला आणि गदा घेऊन गेला, त्याच्याकडे त्या प्रश्नाचे उत्तर असणार कसे? हा लेख लिहिताना मी वर्गातल्या पाच जणांना विचारले, “२०२५ चा महाराष्ट्र केसरी कोण?” चौघांनी लाथेची हकीकत सांगितली, तीही हातवारे करून. पाचव्याला विजेत्याला बक्षीस मिळालेली गाडी आठवत होती. पृथ्वीराज मोहोळ हे नाव शेवटी मलाच सांगावे लागले.