ब्रेक-पॅड आणि काटकसर

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात या विक्रमाची नोंद झाली. वऱ्हाडास त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच. तथापि रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो. आणि वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. मोटारसायकलीच्या बाबतीत हा सारा भार चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या दोन लहानशा पॅडवर येतो.

हे पॅड तपासतो कोण? प्रवासी व मालवाहू वाहनांना ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारसायकलीची नोंदणी मात्र 15 वर्षे चालते. मधल्या काळात धुराची चाचणी होते, ब्रेकची नाही. म्हणजे मालक हाच एकमेव तपासनीस. 2022 साली देशात रस्ते-अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे 44 टक्के दुचाकीवरील होती. हे सर्व मृत्यू ब्रेकमुळे झाले नाहीत हे उघड आहे. पण टाळता येण्याजोगे एक कारण तरी शिल्लक का ठेवावे?

झिजलेला पॅड न बदलल्याने वाचलेले पैसे मालकाच्या खिशात राहतात. धोका मात्र मागे बसलेल्याच्या आणि रस्ता ओलांडणाऱ्याच्याही वाट्याला येतो. ही काटकसर नव्हे, दुसऱ्याच्या नावावर काढलेले कर्ज होय. पुष्कळदा अडचण पैशाची नसतेच. तालुक्याच्या गावी जाऊन दिवस मोडण्याची असते. पॅड घरी बदलता आले तर तो दिवसही वाचतो आणि चालढकलीचे निमित्तही उरत नाही.

अडाणी हातांत ब्रेक सोपविणे धोक्याचे, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय ज्ञान हाच. पॅडवरील खाच दिसेनाशी झाली की बदलण्याची वेळ आली. पॅडची भुकटी फुंकून उडवू नये. जुन्या व हलक्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक-ऑइल टाकीतून सांडू देऊ नये. डिस्कला वा पॅडला तेल, ग्रीस लागता कामा नये. बोल्ट पक्के कसल्यावर लिव्हर घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावा. हे विसरल्यास पहिल्याच वळणावर ब्रेक लागणार नाही. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत गाडी बेताने चालवावी. चिखलदऱ्याच्या घाटात लगेच उतरू नये. ब्रेक-ऑइल गळत असेल, पाइप तडकला असेल किंवा एबीएसचा दिवा सतत पेटत असेल, तर मात्र मिस्त्रीकडेच जावे.

यात मिस्त्रीचा धंदा बुडण्याची भीती नाही. जाणता गिऱ्हाईक बनावट माल ओळखतो आणि चोख कामाची किंमतही जाणतो. अमरावती व अकोला येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी रविवारी दोन तासांचे प्रात्यक्षिक खुले ठेवले, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. विक्रमी वेगाने रस्ता बांधता येतो हे वऱ्हाडाने पाहिले आहे. त्या रस्त्यावर वेळीच थांबता येण्याची तजवीज आता व्हावयास हवी.