मेणातली गोळी आणि सहाणेवरची मात्रा

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दवाखान्यातील गर्दी ओसरल्यावर एक परिचित गृहस्थ आत आले. त्यांच्या वडिलांचे वय ८१. जुना मधुमेह, आणि दोन वर्षांपूर्वी लकव्याचा सौम्य झटका येऊन गेलेला. त्यांचा मुलगा सिंगापूरला नोकरीस आहे. सुटीत येताना त्याने आजोबांसाठी एक मखमली अस्तराची डबी आणली होती. डबीत सुपारीएवढा मेणाचा गोळा, आणि त्या मेणाच्या आत औषधाची गोळी. "डॉक्टरसाहेब, बाबांना पुन्हा तसे काही झाले आणि शुद्ध हरपली, तर ही द्यायची ना? तिकडे म्हणे पुष्कळ घरांत जपून ठेवलेली असते."

या गोळीचे नाव 'आन-गोंग न्यू-हुआंग वान'. चिनी वैद्यकात बेशुद्ध रुग्णास शुद्धीवर आणणारी म्हणून ती विख्यात आहे. तिचा पाठ वू जूतोंग या वैद्याच्या १७९८ सालच्या ग्रंथात येतो. घटकद्रव्ये अकरा, आणि ती वाचताना आपल्याकडील एखाद्या आजीला परके वाटू नये. गोरोचन, कस्तुरी, मोती, हिंगूळ, मनशीळ, भीमसेनी कापराच्या जातीचा कापूर, हळदीच्या कुळातील एक कंद, आणि काही कडू वनस्पती. मूळ पाठात गेंड्याचे शिंगही होते. चीनने १९९३ मध्ये त्याच्या व्यापारावर बंदी घातल्यानंतर म्हशीचे शिंग वापरले जाऊ लागले. यांपैकी हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग आणि मनशीळ म्हणजे सोमलाचे, ही गोष्ट मखमलीकडे पाहून लक्षात येत नाही.

त्या गृहस्थांना मी विचारले, "तुमच्या घरी हेमगर्भ होता का हो?" ते हसले. होता, देवघरातल्या पितळी डबीत.

साठी ओलांडलेल्या बहुतेक वाचकांना हेमगर्भाची मात्रा ऐकून तरी ठाऊक असेल. पारा, गंधक आणि सोने यांपासून सिद्ध केलेली ती कठीण कांडी सहाणेवर आल्याच्या रसात उगाळायची, मधात कालवायची आणि रुग्णाच्या जिभेला लावायची. घरात हेमगर्भ निघाला की शेजारी समजून जात आणि दूरच्या नातलगांना निरोप धाडले जात.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना तिरोडा तालुक्यातील आमच्या गावी आजोबा पहाटे उठलेच नाहीत. श्वास घोरल्यासारखा, तोंड एका बाजूस वाकडे. आजीने डबी काढली, वैद्यबुवांनी मात्रा उगाळली. त्या आल्याचा वास मला आजही आठवतो. बोटाने दोन-तीन वेळा चाटण आत सोडल्यावर आजोबांना जोराचा ठसका लागला आणि अंगणापर्यंत बातमी गेली, "शुद्ध आली!" तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला, छाती घरघरू लागली आणि पाचव्या दिवशी ते गेले. तो ठसका शुद्धीचा नव्हता, हे मला वैद्यकीय महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी पुस्तक वाचताना उमगले. बेशुद्ध माणसाची गिळण्याची क्रिया आणि श्वासनलिकेचे झाकण भरवशाचे राहत नाही. तोंडात घातलेले मध, पाणी, चहा, दूध यांतील काही भाग फुप्फुसात उतरतो. आजोबा लकव्यानेच गेले असते की काय, ते आता सांगता येणार नाही. आजीला मी हे कधीच सांगितले नाही.

आपल्या जुन्या शास्त्राविषयी अनादराने मी हे लिहीत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २४ व्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा तीन अवस्था वेगळ्या सांगितल्या आहेत. पहिल्या दोन दोषांचा वेग ओसरला की आपोआप शमतात. संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही. खोल पाण्यात बुडणारे भांडे तळाला लागण्यापूर्वी उचलावे, तशी त्या रुग्णाबाबत त्वरा करावी, असा दृष्टान्तही तेथे आहे. तीव्र नस्य, अंजन, सुईने टोचणे, केस ओढणे, खाजकुइली चोळणे असे उपायही सांगितले आहेत. तीक्ष्ण मद्ये तोंडात घालावीत असेही तेथे आहे. तेवढ्यापुरता मी नम्रपणे असहमत आहे. परंतु त्वरेविषयीचे वचन आणि आपोआप ओसरणारी मूर्च्छा वेगळी ओळखणे, या दोन्ही गोष्टी आजही शंभर टक्के खऱ्या आहेत.

कांदा आणि चप्पल यांची कीर्ती याच दुसऱ्या गोष्टीवर उभी आहे. उन्हात किंवा देवळाच्या रांगेत भोवळ येऊन पडलेला माणूस आडवा होताच मेंदूला रक्त मिळते आणि मिनिटभरात डोळे उघडतात. मिरगीचा झटकाही बहुधा दोन-तीन मिनिटांत स्वतःच थांबतो. तेवढ्यात कोणीतरी कांदा फोडलेला असतो.

गेल्या कार्तिकात आमगावकडील एका आजींना बेशुद्ध अवस्थेत माझ्याकडे आणले. एकादशीचा उपवास, आणि साखरेची गोळी मात्र नेमाने घेतलेली. रक्तातील साखर ३४. शिरेतून ग्लुकोज जाताच त्या उठून बसल्या आणि गाईला चारा घातला का, असे विचारू लागल्या. वाटेत कांदा हुंगवला होता, श्रेय त्यालाच मिळाले. माझी हरकत श्रेयाला नाही. घरी त्यांच्या तोंडात साखरेचे पाणीही ओतले गेले होते आणि तेही छातीत गेले नाही, हे केवळ दैव. शिवाय अशा गोळ्यांचा परिणाम लांबतो. जागा झालेला रुग्ण काही तासांनी पुन्हा घसरू शकतो, म्हणून त्याला घरी न नेता रुग्णालयातच ठेवावे लागते.

बेशुद्धी हा एक रोग नव्हे. लकवा, मेंदूतील रक्तस्राव, साखर उतरणे, मे महिन्यातील उष्माघात, देवरी-सालेकसाच्या जंगलपट्टीत मेंदूत शिरलेला मलेरिया, धानाच्या हंगामात जमिनीवर झोपलेल्याला रात्री डसलेली मण्यार. प्रत्येकाचा उपाय निराळा. मण्यारीच्या विषाने पापण्या मिटलेला, हलू-बोलू न शकणारा रुग्ण तर पुष्कळदा आतून पूर्ण जागा असतो आणि आपले सारे बोलणे ऐकत असतो. चिनी वैद्यही ती गोळी सरसकट देत नाहीत. ती तीव्र ज्वर, लाल चेहरा, आवळलेल्या मुठी अशा 'उष्ण' बेशुद्धीसाठी आहे. हातपाय गार पडून घाम सुटला असेल तर ती निषिद्ध. आपला हेमगर्भ नेमका त्या गार पडलेल्या अवस्थेत देण्याची चाल. म्हणजे दोन प्रख्यात औषधे, दोन्ही 'शुद्धीवर आणणारी', आणि दोहोंची लक्षणे जवळजवळ परस्परविरुद्ध! चीनमधील रुग्णालयांत बेशुद्ध रुग्णास ती गोळी देतात तेव्हा विरघळवून नाकातून जठरात घातलेल्या नळीने देतात. तोंडाची वाट धोक्याची, हे गोळीच्या माहेरीही मान्य आहे.

"मग आम्ही नुसते बघत बसायचे?" त्या गृहस्थांचा हा प्रश्न मला सर्वांत रास्त वाटला. आजीने डबी उघडली त्यामागे हीच तळमळ होती. हातांना काम हवे असते, आणि ते आहे.

प्रथम हाक मारा, खांदा हलवा. श्वास नसेल, किंवा मधूनच आचका दिल्यासारखा असेल, तर एकाने १०८ वर फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावा. श्वास नीट चालू असेल तर रुग्णास कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ व उलटी बाहेर पडेल. सैल कवळी काढावी, गळ्याभोवतीचे कपडे मोकळे करावेत. मात्र पडून मानेला मार लागल्याची शंका असल्यास श्वास मोकळा ठेवण्यापुरतेच हलवावे. झटके येत असतील तर दातांत चमचा घालू नये. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर फोन करावा. अंग तापून निघाले असेल तर कपडे ओले करून वारा घालावा. घरात साखर मोजण्याचे यंत्र असेल तर लगेच मोजावी. ७० च्या खाली असून रुग्ण गिळू शकत असेल तरच साखर द्यावी, नाहीतर ओठही ओले करू नयेत. जिभेखाली रक्तदाबाची गोळी ठेवणे हाही आपल्याकडचा नवा हेमगर्भच झाला आहे; ते करू नये. ॲस्पिरिनही नको, कारण आत रक्तस्राव असेल तर ते आगीत तेल.

आणि घड्याळ पाहावे. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहावी. लकव्यातील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅन पाहून. गोंदियाहून नागपूर रेल्वेने १३० किलोमीटर. अर्जुनी मोरगावच्या खेड्यातून निघणाऱ्याला गोंदियादेखील जवळ नाही. आपल्या घरापासून सीटी स्कॅनची सोय कोठे आहे आणि रात्री ती चालू असते का, ही चौकशी आजच, सर्व धडधाकट असताना करून ठेवावी. मात्रा उगाळण्यात गेलेला अर्धा तास याच साडेचारातून वजा होतो.

हे सारे मी त्या गृहस्थांना एका कागदावर लिहून दिले. वडिलांच्या गोळ्यांची नावे त्यांनी स्वतः खाली लिहिली. मुलाने एवढ्या प्रेमाने आणलेली वस्तू टाकवत नाही, म्हणाले. टाकू नका, असे मीही सांगितले. परवा त्यांच्या पत्नी तपासणीला आल्या होत्या. डबी देवघरात हेमगर्भाशेजारी ठेवली आहे आणि कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे, असे त्यांनी सांगितले.