चित्रफितीचे संपादन आणि वैद्याचे उत्तरदायित्व

हल्ली चिकित्सालयात येणारा रुग्ण केवळ आपली तक्रार घेऊन येत नाही. त्याच्या मोबाईलमध्ये कोणीतरी पाठविलेली आयुर्वेदाची एखादी चित्रफीतही असते. ‘हे चूर्ण घेतले तर गोळ्या बंद करता येतील का?’ असा प्रश्न तो ती चित्रफीत दाखवूनच विचारतो. चित्रफितीत बोलणारी व्यक्ती नोंदणीकृत वैद्य आहे किंवा नाही, हे त्याला ठाऊक नसते. चित्र स्वच्छ असते, आवाज स्पष्ट असतो, मजकूर ठसठशीत असतो. तेवढ्यावर त्याचा विश्वास बसतो. शास्त्र जाणणारे गप्प आहेत आणि न जाणणारे बोलत आहेत, ही आजची वस्तुस्थिती आहे. तिच्यावरचा एक साधा उपाय आम्ही या लेखात सुचवू इच्छितो. आपल्या व्यवसायबंधूंनी चित्रफितीच्या संपादनाचे प्राथमिक कौशल्य स्वतः आत्मसात करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : वैद्याने रुग्ण तपासावेत की चित्रफिती कापीत बसावे? आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु आपल्या शास्त्रातील किती गोष्टी केवळ शब्दांनी सांगता येतात, याचा विचार करावा. स्नेहपाकाचेच उदाहरण घेऊ. कल्काची वर्ती वळली पाहिजे, ती अग्नीवर धरली असता तडतड आवाज होता कामा नये, तैल सिद्ध होताना फेन यावा आणि घृत सिद्ध होताना फेन शमावा, ही लक्षणे आपण सर्वांनी पाठ केली. तथापि मृदू, मध्य आणि खर पाकांतील भेद ज्याने कढईपाशी उभे राहून पाहिला, त्यालाच तो खरा उमगला. फार्मसीमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या कामगाराला हा भेद समजावून सांगताना औषधनिर्मात्यांची किती शक्ती खर्च होते, हे त्यांनाच विचारावे. तीन मिनिटांची नीट संपादित केलेली चित्रफीत तेथे दहा पानांचे काम करते.

क्वाथाचीही हीच कथा. शार्ङ्गधरोक्त परिभाषेनुसार द्रव्याच्या सोळा पट पाणी घालून अष्टमांश शेष ठेवावयाचा. म्हणजे १० ग्रॅम भरड, १६० मिलिलिटर पाणी आणि शेष २० मिलिलिटर. आपण हे चिठ्ठीवर लिहून देतो. रुग्ण मात्र चहाप्रमाणे दोन उकळ्या आणतो, गाळून पितो आणि ‘काढ्याने गुण आला नाही’ असे सांगत परत येतो. भांड्यातील पाण्याची पातळी आरंभी किती होती आणि अखेरीस किती उरली, हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिले तर ही चूक टळते. द्रव्यपरीक्षणातही असेच. गुळवेल आणि तिच्याशी साम्य असणारी टिनोस्पोरा क्रिस्पा या दोन वेलींची गल्लत करू नये, असे आयुष मंत्रालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. क्रिस्पाच्या खोडावर गाठी असतात, गुळवेलीच्या खोडावर तशा नसतात. दोन्ही खोडे शेजारी ठेवून जवळून घेतलेले दहा सेकंदांचे चित्र कच्चा माल घेणाऱ्या औषध विक्रेत्याच्या कायम लक्षात राहील. अशोकाच्या सालीत होणारी खोट्या अशोकाची भेसळही अशाच रीतीने दाखविता येईल.

चित्रफितीचा असा उपयोग महाराष्ट्राला नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित करण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून ‘अंकुराची वाढ’ ही लघुचित्रफीत तयार केली होती. डोळ्यांना सहसा न दिसणारी वनस्पतीची वाढ त्यांनी लोकांना दाखविली. त्यासाठी त्यांना परदेशातून यंत्रसामग्री आणावी लागली. आज ते सामर्थ्य प्रत्येकाच्या खिशात आहे.

दुसरा आक्षेप असा की हे काम तंत्रज्ञाचे आहे, ते पैसे देऊन करून घ्यावे. आमच्या मते खरा धोका येथेच आहे. आमच्या परिचयातील एका वैद्यांनी मधुमेहातील आहारविहारावर संयमित शब्दांत माहिती सांगितली होती. ‘चालू औषधे वैद्यकीय सल्ल्याशिवाय बंद करू नयेत’ असेही त्यांनी आवर्जून बजावले होते. संपादनासाठी दिलेली चित्रफीत परत आली तेव्हा ते वाक्य लांबी कमी करण्याच्या नावाखाली वगळलेले होते आणि चित्रावर ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’ असा मथळा झळकत होता. वैद्यांनी ती वेळीच थांबविली म्हणून बरे झाले. ज्याने कात्री चालविली त्याच्या दृष्टीने ते एक लांबलेले वाक्य होते; वैद्याच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते. काय कापावे आणि काय राखावे हा निर्णय तांत्रिक नसून वैद्यकीय आहे, हे यावरून ध्यानी यावे.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ मधील ‘जाहिरात’ या संज्ञेची व्याप्ती कागदापुरती नाही. प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली उद्घोषणाही तीत येते. मग चित्रफीत सुटेल कशी? मधुमेह, कर्करोग, अपस्मार, पक्षाघात, स्थौल्य, रक्तदाबाचे विकार अशा अनेक व्याधी या अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. औषधाच्या नावाने त्या बऱ्या करण्याचा दावा करणे निषिद्ध आहे आणि अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणत्याही प्रकारे भाग घेणेही निषिद्ध आहे. ‘मथळा आम्ही लिहिला नव्हता’ या सबबीवर विसंबण्यापेक्षा मथळा स्वतः लिहिणे शहाणपणाचे आहे.

आता प्रत्यक्ष कौशल्याविषयी. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात ‘योग्या’ सांगितली. रुग्णावर शस्त्र चालविण्यापूर्वी शिष्याने कोहळा, दुधी, कलिंगड यांवर छेद्यकर्माचा आणि वस्त्र व मृदू चर्म यांवर सीव्यकर्माचा अभ्यास करावा, असा तो उपदेश आहे. चित्रफितीचे संपादन म्हणजे मुख्यतः छेद्य आणि सीव्य ही दोनच कर्मे होत. त्यांचाही सराव आरंभी घरच्या बागेच्या, स्वयंपाकाच्या निरुपद्रवी चित्रणावर करावा.

साधने मोफत व सुलभ आहेत. मायक्रोसॉफ्टचे क्लिपचॅम्प विंडोज ११ मध्ये उपलब्ध असून ते ब्राउझरमध्येही चालते. कॅनव्हा या संकेतस्थळावर चित्रांप्रमाणे चित्रफितीही जुळविता येतात. यूट्यूबवर चढविलेल्या चित्रफितीचा नको असलेला भाग काढून टाकण्याची आणि चेहरा धूसर करण्याची सोय यूट्यूब स्टुडिओमध्येच आहे. सर्वांची रीत थोड्याफार फरकाने सारखीच. चित्रणाचे तुकडे टाइमलाइन नावाच्या आडव्या पट्टीवर क्रमाने मांडावेत. नको तेथे ‘स्प्लिट’ करून छेद द्यावा, निरुपयोगी भाग काढावा आणि उरलेले तुकडे सांधावेत. त्यानंतर शीर्षक व मराठी उपशीर्षके घालावीत. ती आपोआप तयार झाली असल्यास प्रत्येक शब्द तपासावा, कारण औषधी नामांतील एका अक्षराने अनर्थ होतो. संगीत असल्यास ते बोलण्याखाली दबलेले असावे. शेवटी १०८० पिक्सेलच्या प्रतीत एमपी४ स्वरूपात एक्सपोर्ट करावे. संगणकाच्या पडद्यासाठी १६:९ अशी आडवी चौकट आणि मोबाईलसाठी ९:१६ अशी उभी चौकट हे चित्रणापूर्वीच ठरवावे. प्रकाश समोरून घ्यावा, पंखा बंद ठेवावा आणि कॉलरला लावण्याचा साधा मायक्रोफोन वापरावा. चित्र थोडे अंधुक असले तरी लोक पाहतात. आवाज अस्पष्ट असेल तर पाहत नाहीत.

मात्र या छेद्यकर्मालाही पथ्ये आहेत. कालावधी कापला असेल तर तो पडद्यावर लिहून सांगावा. अन्यथा तासाभराचा पाक पाच मिनिटांत होतो असा पाहणाऱ्याचा समज होईल. निषेध, मात्रा आणि सावधगिरी यांची वाक्ये कधीही कापू नयेत. रुग्णाचे चित्रण त्याच्या लेखी संमतीशिवाय करू नये आणि संमती असली तरी त्याच्या अनुभवाचा जाहिरातीसारखा वापर करू नये. ऑनलाइन साधनांपैकी काही साधने आपले चित्रण दूरच्या संगणकावर साठवितात. तेव्हा रुग्णाची ओळख पटेल असे काहीही तेथे चढवू नये. मूळ चित्रण जपून ठेवावे, म्हणजे पुढे वाद उद्भवल्यास आपण काय बोललो होतो हे दाखविता येईल.

संघटनेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक तालुका शाखेने या विषयावर अर्ध्या दिवसाचे शिबिर घ्यावे आणि त्यात व्याख्यान कमी, हाताने करावयाचा सराव अधिक ठेवावा. प्रसिद्धीपूर्वी चित्रफीत पाहून शास्त्रीय व कायदेशीर अभिप्राय देण्यासाठी ज्येष्ठ वैद्य, औषधनिर्माते आणि विधिज्ञ यांची छोटी समिती असावी. क्वाथ, फांट, हिम, लेप यांची घरगुती सिद्धता आणि संदिग्ध द्रव्यांची ओळख या विषयांवर सभासदांनी मिळून चित्रफितींचा सामायिक संग्रह उभारावा. त्यावर कोणत्याही फार्मसीचे नाव असू नये, म्हणजे सर्वांना तो निःसंकोचपणे वापरता येईल.

चरकाचार्यांनी परीक्षेच्या साधनांत आप्तोपदेशाला स्थान दिले. आप्त कोण, हे रुग्णाला आज मोबाईलच्या पडद्यावरून ठरवावे लागत आहे. त्या पडद्यावर शास्त्र जाणणारा वैद्य दिसावा आणि त्याचे बोलणे त्याने स्वतः राखलेल्या शब्दांत पोहोचावे, यासाठी चार सायंकाळांचा अभ्यास पुरेसा आहे. तेवढा वेळ आपण सर्वांनी काढावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.