भाजीचा देठ आणि आमचे जालना



परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. त्याच्या कंपनीत कुणी तज्ज्ञ येऊन 'बुशिदो' म्हणजे जपानच्या सामुराई योद्ध्यांच्या नीतीवर दोन तास बोलले म्हणे. सात गुण, पडद्यावर चित्रे, शेवटी टाळ्या. नातू म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे असं काही लिहिलेलं नाही का हो?" फोनवर मला नीट उत्तर सुचले नाही, म्हणून इथे लिहितो. थोडा रागही आहे, सांभाळून घ्या.

ज्या पुस्तकामुळे हा शब्द जगभर गेला, ते इनाझो नितोबे यांनी इंग्रजीत लिहिले, १९०० च्या सुमारास. जपानमध्ये सामुराईंच्या तलवारींवर बंदी आली १८७६ साली. म्हणजे योद्धे संपल्यावर त्यांची नीती सुबक बांधून जगापुढे ठेवली गेली. तोकुगावा राजवटीत उद्धटपणा केला म्हणून सामान्य माणसाला जागीच कापण्याचा हक्क सामुराईला होता, ही गोष्ट सात गुणांच्या पडद्यावर येत नाही. नंतर चौकशीला तोंड द्यावे लागे हे खरे, पण हक्क होता ना! निष्ठा धन्याशी, अब्रू स्वतःची. यात शेतकरी कुठे आहे?

आता आपल्याकडचे सांगतो. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना एक पत्र धाडले. त्यात विषय आहे दाणा-वैरणीचा. पावसाळ्यासाठी साठवलेले आताच उधळाल तर पुढे घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, लाकूड, भाजी ओढून आणाल आणि रयतेला वाटेल, यापेक्षा मोगल बरे. लागेल ते बाजारातून विकत आणा, भाजीच्या देठालाही हात लावू नका. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. राजा उंदरापर्यंत विचार करतो आहे! पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमाराच्या लाकडाबद्दल तेच बजावले आहे. आंबा-फणस रयतेने लेकरांसारखे वाढवलेले असतात, त्यांना तिच्या राजीखुशीशिवाय कुऱ्हाड लावू नये.

माझे म्हणणे एवढेच. मरायला तयार असणे ही मोठी गोष्ट आहे, पण हातात शस्त्र असताना माणूस काय उचलत नाही, यावरून त्याची नीती कळते.

आणि आपण शिकवतो काय? मी तीस वर्षांहून अधिक काळ इतिहास शिकवला. १६७४ साली नेसरीला प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, तो प्रसंग सांगताना माझा आवाज चढायचा, मुलांच्या अंगावर काटा यायचा. पण १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले, अपमान गिळला, जिवंत राहिले आणि १६७० पासून किल्ले परत घ्यायला लागले, हे मी दोन वाक्यांत उरकत असे. सामुराई असते तर पोट फाडून मोकळे झाले असते. मग रयतेला कोण होते?

इथवर वाचून छाती फुगली असेल तर जरा थांबा. मी जालन्यात, मस्तगडला राहतो. ही गढी १७२५ सालची. त्याच्या ४६ वर्षे आधी, नोव्हेंबर १६७९ मध्ये, मराठी फौजेने हेच जालना चार दिवस लुटले. जीव आणि धन वाचवायला काही लोक जानमहंमद या साधूच्या आसऱ्याला गेले होते. शिपाई तिथेही शिरले. पाच महिन्यांनी महाराज वारले ते त्याच्या शापाने, असे विरोधकांनी लिहून ठेवले. शापावर माझा विश्वास नाही. पण मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना त्रास द्यायचा नाही हा महाराजांचा नियम होता, हे खाफीखानासारख्या कडव्या विरोधकानेही नोंदवले आहे. नियम एवढा माहीत होता म्हणूनच जालन्यात तो मोडल्याचा बभ्रा झाला.

कुणी म्हणेल, जालना मोगलांची पेठ होती, युद्धाला पैसा लागतो. मान्य. पण जालन्याचा विणकरही कुणाची तरी रयतच होता. भाजीचा देठ चिपळूणला पवित्र आणि इथे नाही, असे कसे चालेल?

हे मी याच गावात शिकवत असताना वर्गात एकदाही बोललो नाही. पालक काय म्हणतील ही भीती. शौर्याच्या एवढ्या गोष्टी सांगणाऱ्या मास्तराला तेवढेही धैर्य झाले नाही.

तर बाळा, आपल्याकडे लिहिलेले आहे. आणि जिथे मोडले, तेही लिहिलेले आहे. दोन्ही वाच. तुझ्या त्या तज्ज्ञांनाही विचार, सामुराईच्या घोड्याला गवत कुणाच्या शेतातले होते?

असो. पटले नाही तर जरूर कळवा. जालनेकरांनी तर नक्कीच.