सुट्टी कोणाची?

समुद्रकाठी घालवलेल्या बालपणीच्या सुट्ट्यांवरचे स्मरणलेख वाचताना आम्हांला नेहमी एक प्रश्न पडतो : ही सुट्टी नेमकी कोणाची?

ब्रिटनमध्ये १९३८ च्या कायद्याने पगारी रजेचा मार्ग मोकळा केला आणि महायुद्धानंतर किनाऱ्यांवर कॅरॅव्हॅनच्या रांगा वाढत गेल्या. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांनाही आठवडाभर समुद्र मिळू लागला. मुलांच्या आठवणीत राहिला तो छतावर वाजणारा पाऊस आणि अंथरुणातली वाळू. पाणी मात्र बाहेरच्या नळावरून आणावे लागे आणि रांधणे बहुधा आईकडेच असे. तिच्यापुरती फक्त चूल बदललेली असे.

व्हर्जिनिया वुल्फचे मोठेपण इथे जाणवते. तिचे लहानपणीचे उन्हाळे १८९४ पर्यंत सेंट आयव्ह्‌जच्या घरी गेले. १८९५ मध्ये आई वारली. 'टू द लाइटहाउस'मध्ये (१९२७) तिने ते घर स्कॉटलंडच्या बेटावर नेले, पण आईचा शीण वगळला नाही. सर्वांना सांभाळून थकणारी मिसेस रॅम्झी आणि पुढे ते ओस घर झाडूनपुसून काढणारी मिसेस मॅकनॅब, दोघींनाही त्या कादंबरीत जागा आहे.

आपल्याकडच्या कोकणातल्या मे महिन्याच्या आठवणींत आंबे, फणस, भरती-ओहोटी सारे असते. पहाटे विहिरीवर गेलेली आजी येते ती मायेची मूर्ती म्हणून. दमलेले माणूस म्हणून क्वचितच. स्मरणरंजनाला आमचा विरोध नाही. परंतु लहान मुलाला जे दिसले नाही, ते प्रौढ लेखकालाही दिसू नये, हे आम्हांला मान्य नाही.