पाऊल न वाजवता

मंडळी, एक कबुली द्यायची आहे. पन्नाशी उलटली तरी मी कॉम्प्युटरवर खेळतो. पत्ते नव्हे, बुद्धिबळही नव्हे. रात्री घरात निजानीज झाली की कानाला हेडफोन लावून मी परक्याच्या वाड्यात शिरतो, भिंतीला चिकटून उभा राहतो आणि पहारेकरी पाठ कधी फिरवतो याची वाट पाहतो. असल्या खेळांना ‘स्टेल्थ गेम’ म्हणतात. आपल्या भाषेत, दबा धरणं. पंचवीस वर्षं झाली, पण हे खेळ मला आवडतात की त्यांचा संताप येतो, ते काही ठरत नाही.

व्हिडिओ गेम म्हणजे नुसता धाडधाड गोळीबार, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. 1981 साली अमेरिकेत सायलस वॉर्नर यांनी ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ केला. नाझींच्या किल्ल्यातून कैद्यानं निसटायचं, जमल्यास त्यांचाच गणवेश चढवून. पुढं 1987 साली जपानच्या कोनामी कंपनीत हिदेओ कोजिमा यांच्याकडे लढाईचा खेळ आला. पण ज्या एमएसएक्स-2 कॉम्प्युटरवर तो चालायचा, त्याला पडद्यावर एका वेळी फार शत्रू आणि गोळ्या झेपत नव्हत्या. कोजिमांनी मग लढाई टाळण्याचाच खेळ केला, ‘मेटल गिअर’. अडला हरी म्हणतात तशी गत, पण त्यातून नवी वाट निघाली. उलट 1992 च्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’त पडलेले शिपाई ओढून लपवायची सोय करून पाहिली होती, ती खेळ मंदावतो म्हणून काढून टाकली. जगाला पळायचं होतं, थांबायचं नव्हतं.

मला थांबायला शिकवलं ते 1998 च्या ‘थीफ’नं. अमेरिकेतल्या लुकिंग ग्लास स्टुडिओजचा हा खेळ. नायक गॅरेट, धंद्यानं चोर. पडद्याच्या तळाशी एक रत्न असतं. तुम्ही उजेडात आलात की ते उजळतं, अंधारात विझतं. मशाल विझवायला पाण्याचा बाण, पाऊल वाजू नये म्हणून शेवाळाचा बाण. गालिच्यावरून चाललात तर चालतं, लाद्यांवर पाऊल टाकलंत की टक टक, आणि लोखंडी जाळीवर तर विचारूच नका. मी चाळीत वाढलो. रात्रीचा शेवटचा खेळ पाहून परतताना लाकडी जिन्याची कुठली पायरी करकरते, ते मला पाठ होतं. चोरून घरी येण्याची ती धडधड गॅरेटनं मला परत दिली. त्या स्टुडिओला 2000 साली टाळं लागलं, तेव्हा घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं.

पण पहिल्याच वाड्यात दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजीबद्दल गप्पा मारताना ऐकू येतात. नोकरीला कंटाळलेली, आपल्यासारखीच माणसं. ते ऐकून झालं की मी त्यातल्या एकाच्या मागं जाऊन टाळक्यात सोटा घालतो. गोळीबाराच्या खेळात शत्रूला तोंडच नसतं, म्हणून मन खात नाही. इथं मात्र ज्याच्यावर दहा मिनिटं पाळत ठेवली, त्याच्या चालण्याची लकबसुद्धा ओळखीची होते. ‘थीफ’च्या सर्वांत अवघड पातळीवर माणूस मारायला बंदीच आहे. तो नियम मला फार सभ्य वाटतो.

2012 च्या ‘डिसऑनर्ड’बद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यात मारण्याच्या एकाहून एक नामी करामती हाताशी देतात, आणि त्या वापरल्या की शहरात उंदीर वाढतात, शेवटही काळवंडतो. पंगतीत बासुंदी वाढायची आणि वर म्हणायचं, आज एकादशी आहे! त्याच वर्षीचा ‘मार्क ऑफ द निंजा’ किती सरळ. तुमच्या पावलाचा आवाज कुठवर जाईल, ते वर्तुळ काढून दाखवतो. पकडले गेलात तर चूक कुणाची ते तरी कळतं. इतर खेळांत पहारेकऱ्यानं भिंतीआडून मला कसं पाहिलं, हे कोडं आजही सुटत नाही.

मुंबईवाल्यांसाठी एक सांगतो. डेन्मार्कच्या कंपनीच्या ‘हिटमॅन 2’मध्ये (2018) एक अख्खा अंक मुंबईत घडतो. दाट वस्ती, चिंचोळ्या बोळी, आणि न्हाव्याचा वेष घेऊन सावजाची दाढी करायचीसुद्धा सोय! याच खेळात गर्दीत मिसळून दिसेनासं होण्याची युक्ती आली. आता गर्दीत हरवायचं कसं, हे आम्हाला डेन्मार्कनं शिकवायचं?

पण माझा खरा रोग वेगळाच आहे. कॉम्प्युटरवर बटण दाबलं की खेळ तिथल्या तिथं जपून ठेवता येतो. मी चार पावलं टाकतो, जपून ठेवतो. दिसलो, की मागं जातो. परवा मुलगी पाणी प्यायला उठली, मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, “बाबा, अर्धा तास झाला, तू एकच जिना चढतोयस!” मी म्हटलं, “चूक होऊन चालत नाही.” ती म्हणाली, “का? साहेब बघतायत?”

लागलं ते. नोकरीची सगळी वर्षं मी कुणाच्या नजरेत न येता काढली आहेत. मीटिंगमध्ये मागची खुर्ची, बढतीच्या वेळी गप्प.

मग तिच्यासमोर ते बटण न दाबता खेळलो. तिसऱ्या दालनात लादीवर पाय पडला. आरडाओरडा झाला, तलवार उपसून पहारेकरी धावला. हात मागं जायच्या बटणाकडे गेला, तिनं मनगट धरलं. “पळ ना!” पळालो. कुठला दरवाजा, कुठला जिना, काही ठरलेलं नव्हतं. शेवटी एका अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीला टेकलो. रत्न विझलं. पहारेकरी हातभर अंतरावर येऊन थांबला, इकडं तिकडं पाहिलं, पुटपुटला आणि परत फिरला. आम्ही दोघंही श्वास रोखून होतो.

“आता निघूया?” तिनं कुजबुजत विचारलं.

“थांब,” मी म्हटलं, “तो परत येतो कधी कधी.”